फूल पाहिलेले नाही

कुंदा लग्न होऊन मुलुंडला आली ती १९५३च्या मे महिन्यात. तिच्या सामानात एक ट्रंक होती, एक शिवणाचं यंत्र होतं आणि एक वनस्पती तुपाचा रिकामा डबा होता. डब्यात माती होती आणि मातीत वीतभर उंचीची एक हिरवी काडी. स्टेशनवरून टांग्यातून येताना तो डबा तिने मांडीवर धरून ठेवला होता. दारात सासूने भाकरतुकडा ओवाळून टाकला, तेव्हाही तो तिच्या डाव्या हातात होता.

सासूबाईंना सगळं घर माई म्हणायचं. माईंनी डब्याकडे बघितलं, मग सुनेकडे.

"हे काय गो? माहेरचं आंदण?"

"झाड आहे, माई."

"झाड दिसतंय मला. कसलं?"

"धोतऱ्याच्या कुळातलं. पण हे झाडाएवढं होतं आणि फुलं खाली लोंबतात. वीतभर लांब."

"वेंगुर्ल्याला आमच्या उकिरड्यावर पैशाला पासरी धोतरा," माई म्हणाल्या आणि उंबऱ्यावरचं माप पायाने नीट लवंडायला सांगून आत गेल्या.

तेव्हाचं मुलुंड आखीव रस्त्यांचं होतं, पण रस्त्यांवर घरं कमी आणि गवत जास्त. तिच्या सासरचं, वागळ्यांचं, घर बैठं, कौलारू. मागे विहीर, विहिरीपलीकडे दगडी गडगा. पश्चिमेला येऊरचे डोंगर इतके जवळ वाटायचे की संध्याकाळी त्यांची सावली अंगणात येते असं कुंदाला पहिले काही दिवस खरंच वाटलं होतं. मग तिने सूर्याचा कोन मोजून बघितला आणि ती सावली शेजारच्या आंब्याची असल्याची स्वतःची खात्री करून घेतली. विहिरीच्या सांडपाण्याजवळ तिने काडी लावली. पहिल्याच रविवारी शाळेतली लाकडी पट्टी घेऊन तिची उंची मोजली आणि वहीत लिहिली. सव्वादहा इंच. पाने पाच. पानाचा तळ दोन्ही बाजूंनी सारखा.

या काडीमागे एक कागद होता. कॉलेजच्या वनस्पतिसंग्रहातला, चारशे सतरा नंबरचा.

एम. एस्सी.च्या पहिल्या वर्षाला असताना कुंदा विजयकर सरांबरोबर अंधेरीला गेली होती. वेसाव्याच्या रस्त्यावर एक जुना बंगला पाडून जागा मोकळी करत होते. बागेतली झाडं आधीच तोडलेली. एका बुंध्याशी पत्र्याची गंजलेली पट्टी होती आणि तिच्यावर कुणा माळ्याने ठोकलेली अक्षरं: डाटुरा आर्बोरिआ. बुंध्याच्या तळातून दोन कोंब आले होते. कुंदाने दोन्ही काढले. एक टीपकागदात दाबून वाळवला आणि जाड कागदावर चिकटवला. दुसरा पाण्यात ठेवला. सरांनी वाळलेलं पान भिंगाखाली धरून बराच वेळ पाहिलं.

"माळ्याच्या पट्टीवर माझा विश्वास नाही," ते म्हणाले. "ही आर्बोरिआ असेल किंवा तिची दुसरी बहीण असेल. आर्बोरिआच्या फुलाखालचा हिरवा कोश म्यानासारखा एका बाजूने उभा चिरतो. दुसरीच्या कोशाला कडेला दाते असतात. पानावरून सांगणारा मनुष्य खोटं सांगतो. फूल बघा, मग बोला."

कागदाच्या खालच्या कोपऱ्यात कुंदाने आपल्या बारीक अक्षरात लिहिलं: नाव (माळ्याच्या पट्टीप्रमाणे) डाटुरा आर्बोरिआ. ठिकाण अंधेरी. संग्राहक कु. कुंदा विनायक तेलंग. त्याखाली, सरांच्या शिस्तीप्रमाणे: फूल पाहिलेले नाही. महिन्याभरात त्या जागेवर पाया खणला गेला. जगात त्या झाडाचं जे काही जिवंत उरलं होतं ते कुंदाच्या डब्यात होतं. मग लग्न ठरलं. एम. एस्सी. अर्धीच राहिली. तिच्या शिक्षणातलं पुरं होऊ शकेल असं एवढं एकच काम तिच्याकडे होतं.

काडी भराभर वाढली. दसऱ्याला ती कुंदाच्या कमरेपर्यंत आली. आणि थंडी सुरू झाली तशा माई एका सकाळी भिंतीला धरून मागच्या पायरीवर आल्या.

माईंचे गुडघे दर थंडीत सुजायचे. पावसाळ्यात पुन्हा. घरातली सगळी कामं तेव्हा जमिनीवर बसून चालायची, त्यामुळे बसणं आणि उठणं या दोन गोष्टींतच त्यांचा दिवस सरायचा. एरवी जिभेला धार असलेली बाई उठताना मात्र एक शब्द काढत नसे.

"धोतराच ना हा?" त्यांनी विचारलं. "मग याची पानं चालतील. एरंडेल लावून तव्यावर गरम करायची नि बांधायची. माझी आजी बांधायची."

कुंदाने क्षणभर विचार केला. "वरून बांधायला हरकत नाही. पण तोंडात अजिबात जाता कामा नये, आणि नंतर हात साबणाने धुवायचे. मी बांधीन रोज. आणि पानं घ्यायची तर शेंड्याची घ्या, माई. कोवळी असतात, आणि शेंडा खुडला की झाडाला फुटवे येतात. मोगऱ्याचा खुडतो ना आपण? जितके फुटवे तितकी फुलं."

"असं पुस्तकात आहे?"

"आहे."

माईंनी मान डोलावली. या घरात आल्यापासून कुंदाच्या शिकण्याला कुणी पहिल्यांदा मान डोलावली होती. ती कात्री घेऊन गेली आणि तिने स्वतः चार बोटं लांबीचा शेंडा कापून आणला.

त्या थंडीत रोज दिवेलागणीला माई पलंगावर पाय सोडून बसायच्या आणि कुंदा गुडघ्यांवर ऊन पानं ठेवून जुन्या धोतराच्या पट्ट्या बांधायची. एरंडेलाचा वास, तव्याची ऊब. माई बोलायला लागायच्या ते तेव्हाच. वेंगुर्ल्याच्या घरामागचा माड, होडीतून येणारी लग्नाची वऱ्हाडं, शाळेत तिसरीपर्यंत काढलेला पहिला नंबर. "मास्तर म्हणायचे, ही पोर बॅरिस्टर होणार. चौथीत लग्न झालं." कुंदाही बोलायची. प्रयोगशाळेतला स्पिरिटचा वास, सरांची हिरवी पत्र्याची पेटी, कान्हेरीच्या वाटेवर जळवा लागलेल्या मुली. एकमेकींना धड न ओळखणाऱ्या दोन बायका त्या पट्ट्यांच्या गाठींनी हळूहळू बांधल्या गेल्या.

झाड पसरलं. फुटवे आले. वहीत आकडे चढायचे, कात्री लागली की उतरायचे, पुन्हा चढायचे. पानं दोनशे, तीनशे. फूल नाही. चौपन्न साल गेलं, पंचावन्न गेलं. कुंदाने राख घातली, चुना घातला, सांडपाण्याचा पाट वळवून बघितला. विजयकर सरांचं वर्षातून दोनदा पोस्टकार्ड यायचं. मजकूर एका शब्दाचा. "फूल?" तिचंही उत्तर तेवढंच. "नाही."

छप्पनच्या दसऱ्याला आलेलं कार्ड मात्र लांब होतं. सर येत्या मार्चअखेर निवृत्त होणार होते. जाण्यापूर्वी ते सगळा संग्रह स्वतः चाळणार होते आणि ज्या कागदांवर फूल किंवा फळ नाही ते काढून टाकणार होते. "अर्धवट पुरावा मागे ठेवून जाणे मला आवडणार नाही. आपला ४१७ नंबर मी सर्वांत शेवटी हातात घेईन. त्याहून अधिक मला करता येणार नाही."

कुंदाने कार्ड वहीत ठेवलं. विद्याधरला, तिच्या नवऱ्याला, तिने ते वाचून दाखवलं तेव्हा तो दाढी करत होता.

"एका कागदासाठी एवढं?" तो म्हणाला. मग आरशात तिचा चेहरा दिसला तसा वस्तरा खाली ठेवून म्हणाला, "दिवाळीनंतर मनोरीला जाऊ या दोन दिवस. आमच्या कचेरीतल्या घोन्सालविसच्या मावशीचं घर आहे तिथे. कधीचा बोलावतोय. तुलाही हवापालट."

माई मुलुंडलाच राहिल्या. मार्व्याहून होडीने दोघं पलीकडे गेली. मावशीचं, रेजिनाबाईंचं, घर खाडीपासून आत, माडांच्या गर्दीत. लाल काठाचं लुगडं नेसलेली, साठीची, ताठ बाई. अंगणात वलांडीवर बोंबील सुकत घातलेले. आणि विहिरीच्या कडेला, घराच्या वळचणीच्याही वर गेलेलं एक झाड, पांढऱ्या लांब फुलांनी ओळंबलेलं.

कुंदा पिशवी हातात घेऊनच त्याच्याखाली जाऊन उभी राहिली. विद्याधरला हाक मारावी लागली. तिला ऐकू गेलं नाही.

ती बुंध्यापासून वर बघत गेली. खाली एकच सरळ सोट. पुरुषभर उंचीपर्यंत एकही फूल नाही, फक्त पानं. मग एका जागी सोटाचे दोन फाटे झालेले, गलोलीच्या बेचक्यासारखे. आणि त्या बेचक्यापासून वर, प्रत्येक फाट्याला पुन्हा दोन फाटे, प्रत्येक बेचक्यात फूल. तिने हात उंच करून बेचक्यावरचं एक पान ओढून घेतलं. त्याचा तळ सारखा नव्हता. देठाशी एक बाजू वर, दुसरी खाली. बेचक्याखालचं पान बघितलं. दोन्ही बाजू सारख्या.

साडेतीन वर्षं ती दर रविवारी वहीत हेच लिहीत होती. पानाचा तळ दोन्ही बाजूंनी सारखा. झाड तिला दर रविवारी सांगत होतं की मी अजून लहान आहे.

"तुमच्या घरी हाय का?" रेजिनाबाईंनी मागून विचारलं.

"आहे. पण फुलत नाही."

"कापताव का त्याला?"

कुंदाने धरलेलं पान सोडून दिलं.

"कापू नुको, बाय. पयलं उबं वाडू दे. डोक्याच्या वर गेलं का दोन फाटे फुटतान. त्या फाट्यात पयलं फूल. खाली कापलास का परत पयल्यापासून. मी पन कापते, पन फाट्याच्या वर. खाली कोयता लावत नाय."

संध्याकाळी वास सुटला आणि सुकत्या बोंबलांचाही वास त्यापुढे हटला. निघताना रेजिनाबाईंनी एक फूल देठापासून तोडून कुंदाच्या हातावर ठेवलं. फुलाखालचा हिरवा कोश तिने बोटांत फिरवून बघितला. कडेला दाते होते.

होडीत विद्याधर म्हणाला, "आता काय अडलं? हेच दाब आणि नेऊन दे सरांना. पान तुझ्या झाडाचं, फूल याचं. कोण विचारतंय."

"हे मनोरीचं आहे. कागद अंधेरीचा आहे."

"झाड एकच असणार गं."

"असेल. पण असेल आणि आहे यात फरक असतो," कुंदा म्हणाली. फूल तिने पाण्यावर सोडलं नाही, घरी नेलं. पण वहीत ठेवलं नाही, माईंच्या देवापाशी ठेवलं. माईंनी ते उचलून खिडकीत ठेवलं. धोतरा महादेवाला चालतो, आपल्या देव्हाऱ्यात कुलस्वामिनी आहे, एवढंच त्या म्हणाल्या.

आता हिशेब सरळ होता. त्या पावसाळ्यात शेंडे खुडून झाल्यावर झाड कुंदाच्या खांद्याला आलं होतं. कात्री लागली नाही तर मार्चपर्यंत ते डोक्यावर जाऊ शकत होतं. फक्त मधे थंडी होती, आणि थंडीत माईंचे गुडघे होते.

शेंडे घ्या, असं तीच म्हणाली होती. आता नका घेऊ, असं कुठल्या तोंडाने म्हणणार? आणि कशासाठी, तर एका फुलासाठी, तेही कागदावर चपटं करून चिकटवायला. कुंदाने सांगितलं नाही. कार्तिकात माईंनी पानं मागितली तेव्हा ती बुंध्याजवळची जुनी, जाड पानं घेऊन आली.

"ही जून आहेत गो. यांनी काय उतार पडतो?"

"शेंड्याला कीड लागलीय, माई."

आयुष्यात तिने वहीत एकही आकडा खोटा लिहिला नव्हता. त्या संध्याकाळी पट्टीची गाठ तिच्या हातून दोनदा सुटली.

चार दिवस असेच गेले. पाचव्या दिवशी ती नळावर कपडे धुऊन आली, तर माई मागच्या पायऱ्या उतरून झाडापाशी उभ्या होत्या. एक हात गडग्यावर. दुसऱ्या हाताने त्यांनी एक शेंडा वाकवून डोळ्यांपाशी धरला होता, सुईत दोरा ओवताना धरावा तसा.

"कुठे आहे कीड?"

कुंदाने कपड्यांची बादली खाली ठेवली. मग तिने सगळं सांगितलं. बेचकं, पानाचा तळ, कागद, सर, मार्च. सांगताना तिने स्वतःला वाचवलं नाही. "मोगऱ्याचा नियम मी याला लावला. न बघता लावला. चुकलं माझं. आणि वर खोटं बोलले."

"तीन वर्षं मला सांगतेस, शेंडा घ्या, शेंडा घ्या. मी आपली घेत्येय."

"हो."

"बी. एस्सी.ला हेच शिकवतात?"

"हेच नका करू म्हणून शिकवतात."

माईंना हसू आलं, पण ते त्यांनी ओठांतच ठेवलं. शेंडा सोडून दिला. तो डुलत वर गेला.

"त्या कागदावर नाव कोणाचं आहे? मास्तरांचं?"

"माझं. लग्नाआधीचं. कुंदा तेलंग."

माई गडग्यावर टेकल्या. त्यांनी समोरच्या डोंगराकडे बघितलं.

"माझं नाव शेवंती होतं," त्या म्हणाल्या. "शेवंती सखाराम केणी. शाळेच्या पटावर होतं. लग्नात ताटातल्या तांदळात अंगठीने रुक्मिणी काढलं, झालं. तुझं बदलायचं म्हणून मी विद्याधरला म्हटलं होतं, तो नको म्हणाला. मला तेव्हा राग आला होता त्याचा. ती शाळा पण पडली मग. नाव कुठल्याच कागदावर नाही."

कुंदा त्यांच्याशेजारी गडग्याला टेकली.

"वाढू दे त्याला. सगळे शेंडे राहू देत, फाटा कुठल्याला आधी फुटेल कुणास ठाऊक," माई म्हणाल्या. "मी मिठाची पुरचुंडी शेकीन. आजीच्या आधी पण गुडघे होतेच लोकांना."

ती थंडी नेमकी कडक पडली. येऊरकडून वारं यायचं. मिठाच्या शेकाने माईंना उतार पडत नव्हता. विद्याधरने लाकडी स्टूल करून आणलं, तर स्टुलावर बसून तांदूळ कोण निवडतं, असं म्हणून त्यांनी त्यावर पाण्याची कळशी ठेवली. जानेवारीत एका दुपारी त्या तांदूळ निवडायला जमिनीवर बसल्या आणि उठता येईना. कुंदाने काखेत हात घालून उठवलं. माईंचा खालचा ओठ दाताखाली होता आणि त्यावर दाताची खूण उमटली होती.

त्यांना पलंगावर बसवून कुंदा सरळ मागे गेली. कात्री हातात होती. झाड आता तिच्या डोक्याबरोबर आलं होतं, सगळ्यांत उंच फुटवा सरळ सोटासारखा, बेचकं नाही. तिने शेंडा वाकवला.

"कुंदा."

माई खिडकीच्या गजाला धरून उभ्या होत्या.

"शेंड्याला हात लाव, आणि मग या घरात माझ्याशी बोलायचं नाही."

"माई, एक फूल आहे ते."

"माहीत आहे एक फूल आहे ते. तुझ्या एकटीचं आहे का आता? दोन महिने मी काय फुकट शेकत बसल्येय मीठ?"

कुंदाने शेंडा सोडला. त्या दिवसापासून पट्ट्यांऐवजी ती माईंचे गुडघे नुसत्या एरंडेलाने चोळायची. उतार पडायचा नाही, पण दिवेलागणीची ती वेळ चुकायची नाही. वेंगुर्ल्याची होडी, कान्हेरीच्या जळवा, सगळं पुन्हा नव्याने सांगून व्हायचं. माई आता सांगताना मधेच म्हणायच्या, "तेव्हा मी शेवंती होते ना," आणि पुढे जायच्या.

फेब्रुवारीच्या मध्यात त्या रोज सकाळी पायऱ्या उतरून झाडापाशी जायला लागल्या. डोळे अधू झाले होते, म्हणून पानं बोटांनी चाचपायच्या. तीन थंड्या त्यांनी ती पानं हाताळली होती. कुंदाने मोजली होती, पण इतकी हाताळली नव्हती.

"अगो, इकडे ये," त्यांनी एका सकाळी हाक मारली. "हे पान वेगळं लागतंय हाताला. एक खांदा खाली आहे याचा."

कुंदाने स्टूल आणलं, कळशी बाजूला ठेवून. वर चढून बघितलं. पानाचा तळ सारखा नव्हता. त्याच्या शेजारी, सोट जिथे संपत होता तिथे, दोन बारीक टोकं एकमेकांपासून दूर झुकलेली होती, आणि त्या दोघांच्या मधे मोहरीएवढी हिरवी गाठ. कुंदा खाली उतरली आणि स्टुलावरच बसून राहिली. त्या रविवारी वहीत तिने उंचीआधी लिहिलं: पानाचा तळ असमान. प्रथम माईंनी ओळखले.

कळी वाढत गेली. तिला सुरुवातीला काही आकारच नव्हता, मग ती शेंगेसारखी झाली, मग हिरव्या कोशातून पांढरी घडी बाहेर आली, छत्री मिटून ठेवावी तशी. मार्चचे दिवस एकेक करून जात होते. तीस तारखेला शनिवार होता, सरांचा शेवटचा दिवस. कुंदा रोज कळीची लांबी मोजायची आणि माई रोज विचारायच्या, "किती?" पंचवीसला सात इंच. सव्वीसला साडेआठ.

सत्तावीसला, बुधवारी, तिन्हीसांजेला घडी सुटली. विद्याधर नुकताच कचेरीतून आला होता. त्याने डबा खाली ठेवला नाही, तसाच मागे आला. माई पायरीवर बसल्या होत्या. आधी पाचही टोकं बाहेर वळली, मग सगळं फूल एकदम सैल झालं. वास यायला थोडा वेळ गेला. आला तो अंगणात मावेना, विहिरीपलीकडे गेला. शेजारच्या बाईंनी गडग्यावरून विचारलं, "काय हो, लग्न आहे की काय?"

"आमच्या शेवंतीचं," माई म्हणाल्या. शेजारीण समजली नाही, तशीच हसली.

गुरुवारी सकाळी कुंदाने टीपकागद, दोरी, दोन फळ्या मांडून ठेवल्या. कात्री घेतली. झाडावर दुसरं फूल नव्हतं, कळीही नव्हती. ती स्टुलापाशी उभी राहिली. मग कात्री उलटी करून तिने मूठ माईंच्या पुढे केली.

"तुम्ही कापा."

"मला कुठे चढता येतंय स्टुलावर?"

"मी फांदी वाकवते."

तिने बेचकं हळूच खाली आणलं. माईंनी फूल डाव्या तळहातावर घेतलं, त्याचं वजन बघितल्यासारखं केलं, आणि दोन असमान पानांसकट देठ कापला. मग हिरवा कोश बोटांनी चाचपला.

"दाते आहेत याला. एक, दोन... पाच."

विद्याधर दारात उभा होता. "म्हणजे मनोरीचंच निघालं," तो म्हणाला. "तेव्हाच चिकटवलं असतंस तर? उत्तर तेच आलं असतं."

"आलं असतं," कुंदा म्हणाली. "पण ते खरं आहे हे मला कळलं नसतं."

साडेअकराला ती कॉलेजात पोचली. चार वर्षांत जिना तोच होता, स्पिरिटचा वास तोच. प्रयोगशाळेत सर खुर्चीवर नव्हते, जमिनीवर मांडी घालून बसले होते. भोवती कागदांचे गठ्ठे. एक गठ्ठा दोरीने बांधून भिंतीशी लावलेला. टेबलावर एकच कागद होता.

सरांनी फूल घेतलं, खिशातून भिंग काढलं, कोश बघितला, फूल उभं चिरून आतले पुंकेसर बघितले. दोनदा. मग त्यांनी पेन उघडून कागदावरचं जुनं नाव एका रेघेने कापलं आणि त्याच्यावर दुसऱ्या बहिणीचं लिहिलं: सुआविओलेन्स. माळ्याची पट्टी चूक होती.

"चार वर्षं लावलीत, मिस तेलंग."

"माझ्या चुकीमुळे लागली, सर." तिने शेंड्याचं सांगितलं.

सरांनी भिंग खिशात ठेवलं. "हे लिहून ठेवा. फूल कधी येत नाही, हेसुद्धा कुणीतरी लिहायला हवं." मग त्यांनी "फूल पाहिलेले नाही" हे शब्द कापले आणि खाली नवी ओळ आखली. "फूल: मुलुंड, २८ मार्च १९५७. संग्राहक? आता नाव कोणतं घालू तुमचं? तेलंग की नवं?"

"फूल मी काढलं नाही, सर. ज्यांनी काढलं त्यांचं नाव घालायचं ना?"

"अर्थात."

"शेवंती सखाराम केणी."

सर लिहिता लिहिता थांबले. "या कोण?"

"माझ्या सासूबाई."

सरांनी आपल्या ठसठशीत अक्षरात नाव लिहिलं, शाई टिपली, फूल वाळल्यावर त्याच कागदावर चिकटवण्यासाठी फळ्यांत दाबलं आणि कागद कपाटात चारशे सोळा आणि चारशे अठरा यांच्या मधे सरकवला.

कुंदा घरी आली तेव्हा दिवेलागण व्हायची होती. माई पलंगावर पाय सोडून बसल्या होत्या. तिने चपला काढेपर्यंत त्यांनी दम धरला.

"काय म्हणाले मास्तर?"

कुंदाने सांगितलं. नाव सांगितलं, तारीख सांगितली, ओळ शब्दाला शब्द म्हणून दाखवली. माईंनी ती एकदा पुन्हा म्हणायला लावली. मग पदराचं टोक बोटाभोवती गुंडाळत बसल्या.

"ते कपाट उघडतं का कोणी?"

"क्वचित. कुणाला त्या झाडाबद्दल विचारायचं असेल तर."

"आणि कोणी उघडलं तर नाव दिसेल."

"दिसेल."

"बरं." माईंनी पदर सोडला आणि गुडघ्यावरचं लुगडं वर सारलं. "आता शेंडा आण. फुलाचं झालं ना तुझ्या?"

"आणते. पण एक आहे, माई. आता बेचक्याच्या वरचाच घ्यायचा. वरचा कितीही घेतला तरी झाड फुलायचं थांबणार नाही."

"हे पुस्तकात आहे?"

"नाही. मनोरीच्या बाईने सांगितलंय."

"मग खरं असेल," माई म्हणाल्या आणि तवा ठेवायला सांगितला.